निकमअण्णांची तुर्की मागणी

आमच्या मजल्यावरच्या निकमअण्णांकडून उद्याबद्दल एक धड वाक्य वदवून दाखवा, मी तुम्हाला घरी बोलावून पुरणपोळी घालीन. पैज. लिफ्टमध्ये कुणी विचारलं, "अण्णा, खाली जाणार?" तर हे म्हणतात, "चाललोय." एकदा लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती, तेव्हाही "चाललोय"च. बायको विचारते, "संध्याकाळी जेवायला घरी हायसा का?" तर "बघू." डॉक्टर विचारतात, "पुढच्या आठवड्यात दाखवायला येणार ना?" तर "बघू." भविष्याचा एवढाच काय तो तुकडा त्यांच्यापाशी, आणि तोही कुणाला पुरत नाही.

माझ्या नातीच्या बारशाला मी हौसेनं बोलवायला गेले होते. "अण्णा, रविवारी नक्की यायचं हं." "बघू," म्हणाले. मी आपलं मनातल्या मनात त्यांचं पान कमी केलं. रविवारी सकाळी पाळण्याला फुलं बांधायलासुद्धा कुणी आलं नव्हतं, तर हे इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे, हातात चांदीची वाटी. पाळण्याच्या दोऱ्या कच्च्या बांधल्यात म्हणून स्वतः सोडून पुन्हा बांधल्या, आणि जेवून सगळ्यात शेवटी घरी गेले.

ह्याचं मूळ तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात आहे. अण्णा मूळचे सातारकडचे. तरुणपणी इकडे आले आणि एका गाळ्यावर विक्री बघण्यात जन्म गेला. तिथं ट्रक उतरला की भाव फुटतो, आणि ऊन चढेपर्यंत तोच भाव जमिनीवर लोळत असतो. मला म्हणतात, "वहिनी, उद्याचा भाव आज सांगणारा माणूस एक तर देव, न्हायतर चोर. मी दोन्हीतला न्हाय." दुसरं असं, की बाजारात तोंडातून शब्द गेला की गेला. नफा होवो, तोटा होवो, फिरवायचा नाही. "शब्द म्हंजे गोणीचं तोंड शिवल्यागत असतंय. शिवलं की झालं." म्हणून मग शिवायचंच नाही, असा त्यांचा सरळ कारभार. मार्केट सुटून कितीतरी वर्षं झाली, घणसोलीत टॉवरमध्ये राहायला आले, तरी गोणी उघडीच.

आणि अशा माणसावर ह्या वयात भविष्यकाळ शिकायची पाळी आली. तोही तुर्की भाषेतला!

मला कसं कळलं ते सांगते. अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी चालायला लावलं होतं. वॉकर घेऊन ते आमच्या पॅसेजमधून फेऱ्या मारायचे. एक दिवस मी दारात कोथिंबीर निवडत बसले होते. वॉकर ठक्क करून पुढे टेकवला, "गेलेजेइम." पाय उचलला, पुन्हा ठक्क, "गेलेजेक्सिन." पुन्हा ठक्क, "गेलेजेक." डोळे मिटलेले, कपाळावर घाम. मी कोथिंबीर टाकली आणि धावले. "सुमनताई, अहो लवकर या, अण्णांना काहीतरी होतंय!"

सुमनताई म्हणजे अण्णांची बायको. बाई मोठी खमकी. त्या पोळपाट-लाटणं घेऊनच बाहेर आल्या. "काय न्हाई झालं त्यांना. मी येईन, तू येशील, तो येईल, असं म्हणतायत. जन्मात कधी म्हणाले न्हाईत, म्हणून जड जातंय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचा एकुलता एक मुलगा प्रसाद तुर्कस्तानात बुर्सा नावाच्या गावी कापडाच्या यंत्रांच्या कंपनीत आहे. तिथंच कचेरीत एलिफ नावाची मुलगी आहे. दोघांनी लग्नाचं ठरवलेलं. तुमच्या मनात जो प्रश्न आला तो आमच्याही मजल्यावर सगळ्यांच्या मनात आला होता. धर्म वेगळा, देश वेगळा, सुमनताईंचे भाऊ तर फोन उचलेनासे झाले होते. ते रडणं-ओरडणं सगळं होऊन गेलं होतं. शेवटी सुमनताईंनीच निकाल दिला होता, "पोरगी हसती चांगली. माझ्या भावांत एक तरी हसतो का?" अण्णा काय म्हणाले होते ते तुम्हीच ओळखा.

तरी लग्न अडलंच. का अडलं? तर हे मुलाकडचे. हे वाट बघत बसले, मुलीकडचे कधी येतात. "आपण कसं जायचं? रीत हाय का? मुलीच्या बापानं स्थळ घेऊन यायचं, पोहे खायचे, मग बोलायचं." आणि तिकडे बुर्सात मुलीचे वडील, नेजाती बे, 'बे' म्हणजे आपलं राव हं, ते वाट बघत बसले की मुलाचे आईवडील कधी येतात. कारण त्यांच्याकडे उलटी रीत. मुलाच्या बापानं फुलं-मिठाई घेऊन मुलीच्या घरी जायचं, आणि आपल्या तोंडानं मुलगी मागायची. वर्ष सरलं. इकडे सुमनताईंनी पोह्यांसाठी नवीन डिशेस आणून ठेवलेल्या, तिकडे नेजाती बेंनी पाहुण्यांसाठी कॉफीचे ठेवणीतले कप धुऊन मांडलेले. दोन्हीकडे मानी माणसं. कुणीच विचारेना, का हो, येत का नाही?

नेजाती बे एक दिवस एलिफला म्हणाले, ज्या माणसाला माझी मुलगी मागायला तोंड उघडता येत नाही, त्याच्या घरी मी मुलगी देत नाही. आणि त्यांनी एक दिवस नेमून दिला. महिन्याचा शेवटचा रविवार. तोवर मुलाच्या बापाचा शब्द आला तर ठीक, नाहीतर हा विषय ह्या घरात पुन्हा काढायचा नाही. एलिफची आई लहानपणीच गेलेली, बापानंच वाढवलेलं. ती प्रसादला रडत म्हणाली, बाबांचा होकार नसला तर मी लग्न करणार नाही.

अण्णांना गुडघ्यामुळे विमानात बसायची बंदी. म्हणजे मागणी फोनच्या पडद्यावरच घालायची. नेजाती बेंना तुर्कीशिवाय दुसरी भाषा येत नाही. मी म्हटलं, "अहो, प्रसाद आहे ना तिथं, तो सांगेल तुमचं त्यांना."

अण्णा वॉकरवर दोन्ही हात ठेवून माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मी सडका कांदा वजनात घातला. "वहिनी, नवरदेवच दलाल? गिऱ्हाईक आन् दलाल एकच माणूस असला तर कुणाचा इस्वास बसतो? तो बाप हाय पोरीचा. त्याला माझ्या तोंडचं ऐकायचंय."

बरोबरच होतं.

शिकवायला कोण? तर खुद्द एलिफ! जिचा हात मागायचा तीच मागायला शिकवणार. दर संध्याकाळी फोनवर यायची. सडपातळ, कुरळ्या केसांची, खरंच चांगली हसायची. अण्णांना 'बाबा' म्हणायची. त्यांच्याकडेही बापाला बाबाच म्हणतात म्हणे. दोघांचं बोलणं अर्धं मोडक्या इंग्रजीत, अर्धं हातवाऱ्यांत. कधी प्रसाद मध्ये बसून समजावून द्यायचा. मागणीचं वाक्य अण्णांनी तीन-चार दिवसांत पाठ केलं. पण नुसत्या मागणीनं भागत नाही. मुलीला कशी ठेवाल, काय कराल, हे बाप विचारणार. म्हणजे भविष्यकाळ आलाच.

त्या भाषेत कामाच्या शब्दाला मागून शेपूट जोडलं की तो उद्याचा होतो. पण शेपटं दोन. काही शब्दांना 'एजेक', काहींना 'आजाक'. आम्ही सगळे गोंधळलो, पण अण्णांनी ते बाजारच्या हिशेबात बसवलं. "वहिनी, सोपं हाय. तोंड मोठं उघडणारे शब्द एका बाजूला, बारीक उघडणारे दुसऱ्या बाजूला. यापाजाक, करील. मोठं तोंड. गेलेजेक, येईल. बारीक तोंड. मोठा माल आन् बारका, गोल्टी कांदा एका गोणीत भरायची न्हाय, संपलं." एलिफनं हे ऐकून टाळ्या वाजवल्या.

एकदा अण्णांनी तिला विचारलं, तुमच्यात 'बघू'ला काय म्हणतात? ती म्हणाली, "बाकारिझ." आणि मग तोंडावर हात ठेवून हसत सुटली. म्हणाली, माझे बाबा दिवसभर हेच म्हणतात. अण्णा एकदम सावरून बसले. म्हणाले, "माणूस बरा दिसतोय."

पण खरी गंमत पुढेच होती, आणि ती मला वाटतं आमच्या अण्णांच्याच बाबतीत होऊ शकते. सरावासाठी एलिफ रोज विचारायची, "यारन ने यापाजाक्सनझ, बाबा?" उद्या तुम्ही काय कराल? अण्णा घाम पुसायचे. मग ती वाक्य द्यायची, हे म्हणून दाखवा. पहिल्या दिवशीचं वाक्य होतं, "यारन देनिझे गिदेजेइम." उद्या मी समुद्रावर जाईन. अण्णांनी म्हटलं. छान म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर अण्णा वॉकरसकट रिक्षात चढायच्या खटपटीत, आणि मागून सुमनताईंचा आरडाओरडा. "आवो, टाके निघालेत का अजून? कुठं निघालासा?"

"वाशीला. खाडीवर."

"कशापायी?"

"काल म्हणालो न्हवं का समुद्रावर जातो म्हणून."

"ते शिकायसाठी म्हणालासा!"

"शब्द गेला," अण्णा म्हणाले, आणि रिक्षावाल्याला, "चल रं."

वाशीच्या खाडीवर जाऊन, चिखल बघून, ओहोटी आहे अशी खात्री करून परत आले. त्यानंतर हेच रोजचं झालं. पुस्तकी वाक्य असलं तरी एकदा तोंडातून गेलं की अण्णा ते दुसऱ्या दिवशी करून मोकळे होणार. उद्या मी दूध घेईन असं म्हणाले, तर घरात दोन पिशव्या असताना तिसरी आणली. उद्या मी माझ्या आजीला पत्र लिहीन, हे वाक्य मात्र त्यांनी म्हणायचं साफ नाकारलं. "आजी वारली माझी. खोटं बोलायला लावू नको पोरी." एलिफला वाटलं आपण काही दुखावलं, तीही बिचारी रडवेली.

आता सुमनताई काही दुधखुळ्या नाहीत. त्यांच्या लक्षात आलं, की हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा शब्द देतोय आणि पाळतोय. स्वयंपाकघरात राहून त्यांचेही कान तयार झालेच होते. त्यांनी गुपचूप एलिफशी संधान बांधलं. संध्याकाळी पोरगी अगदी साळसूदपणे म्हणाली, "बाबा, म्हणा, यारन वांतिलातोर सिलेजेइम." अण्णा म्हणाले. मग विचारलं, म्हणजे काय? उद्या मी पंखे पुसेन.

लग्न झाल्यापासून सुमनताई त्या पंख्यांसाठी घसा कोरडा करत होत्या. दुसऱ्या दिवशी अण्णा खुर्चीवर बसून, काठीला फडकं बांधून, एकेक पातं पुसत होते, आणि सुमनताई खाली उभ्या राहून, "ते कोपऱ्यातलं ऱ्हायलं," म्हणत होत्या. मला डोळा मारून म्हणाल्या, "वहिनी, सून लई गुणाची मिळतीया."

मिळतीया खरी, पण मिळाली कुठं होती? रविवार जवळ येत होता. आम्ही हसायचो आणि मग एकदम कुणीतरी कॅलेंडरकडे बघायचं. अण्णांचं जेवण कमी झालं. शनिवारी संध्याकाळी रंगीत तालीम ठेवली होती. एलिफ स्वतःच आपल्या बापासारखी कपाळाला आठ्या घालून बसली आणि विचारायला लागली. अण्णांनी तोंड उघडलं, आणि काही येईना. मागणीचं वाक्यही येईना. जे शब्द महिनाभर वॉकरबरोबर ठक्क ठक्क करून पक्के बसवले होते, ते सगळे गायब. ओठ हलत होते, आवाज नाही. पडद्यावर ती पोरगी आठ्या विसरून, "बाबा? बाबा?" करत होती.

फोन ठेवल्यावर अण्णा म्हणाले, "गोणी फाटली, वहिनी. सगळा माल रस्त्यावर."

सुमनताईंनी गूळ-शेंगदाण्याची वाटी त्यांच्या हातात दिली आणि आत गेल्या. मी घरी आले आणि माझंही ताट तसंच झाकून ठेवलं. आमचे हे म्हणाले, "लग्न त्यांच्या मुलाचं, उपास तुझा." म्हटलं, तुम्हाला काय कळतंय.

रविवारी दुपारी मला बोलावणं आलं. मुलाकडचं एक बाईमाणूस जास्त दिसलं पाहिजे ना. फोन प्रसादच्या खोलीत लावला होता, तिथं नेट चांगलं मिळतं म्हणून. त्या खोलीत मी बऱ्याच दिवसांनी पाऊल टाकलं. नवा रंग, नवं कपाट, आणि कपाटाच्या आत कागद अंथरून रिकामे ठेवलेले खण. प्रसादचा बुर्सातला नोकरीचा करार पुढच्या वर्षी संपायचा होता. मग दोघं इकडे येतील, असं सुमनताई धरून चालल्या होत्या. प्रसाद नाही म्हणाला नव्हता, हो म्हणाला नव्हता. बापाचाच मुलगा.

अण्णा फेटा बांधून बसले होते. सुमनताई जरीच्या साडीत. फोन लागला.

पलीकडे नेजाती बे. गलमिशा पांढऱ्या, कोट-टाय, चेहरा असा की जणू न्यायालय भरलंय. शेजारी प्रसाद, फुलं आणि मिठाई अण्णांच्या वतीनं त्यानंच नेली होती. एलिफ कॉफी घेऊन आली. एक कप बापापुढे, एक प्रसादपुढे. त्यांच्यात अशी रीत, की मुलगी मुलाच्या कॉफीत मीठ घालते आणि त्यानं तोंड वाकडं न करता ती प्यायची. आम्हाला कुठं माहीत? प्रसादनं घोट घेतला, डोळ्यांत पाणी आलं. अण्णा सगळं विसरून ओरडले, "काय झालं रं? पोट दुखतंय का?" तिकडे एलिफ फसकन हसली. नेजाती बे हसले नाहीत.

मग त्यांनी तिसरा कप उचलला आणि समोर, फोनच्या अगदी जवळ ठेवला. अण्णांच्या पुढ्यात. कॉफीची वाफ येत होती, तिनं आमच्या पडद्यावर धुकं धरलं. पाहुणा इथं घणसोलीत, त्याच्या वाट्याचा कप तिथं बुर्सात.

अण्णा त्या कपाकडे बघत राहिले. मग त्यांनी घसा खाकरला आणि मागणी घातली. सगळं वाक्य, अडखळत, पण पुरं. आणि त्याच क्षणी चित्र थांबलं. नेजाती बेंचं तोंड अर्धं उघडं, तसंच. ऐकलं की नाही? आम्हाला काही कळेना. सुमनताईंनी माझा हात धरला. चित्र हललं. नेजाती बे कानाशी हात नेऊन म्हणत होते, पुन्हा. अण्णांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आमच्या मुलीसारखी सांभाळू, तिच्या मनाविरुद्ध काही करणार नाही, जे जे शिकले होते ते सगळं, मोठं तोंड, बारीक तोंड, एकही शब्द चुकीच्या गोणीत पडला नाही.

नेजाती बेंनी मान हलवली. मला वाटलं झालं. पण त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून, एक प्रश्न विचारला. तो तालमीत नव्हता. एलिफचा चेहरा उतरला. प्रसाद घाईनं मराठीत काही सांगायला गेला, तर नेजाती बेंनी हात आडवा करून त्याला थांबवलं. नको. त्यांनाच बोलू दे.

प्रश्नाचा अर्थ मला नंतर कळला, तुम्हाला आत्ताच सांगते. ते म्हणाले, "माझ्या मुलीला तुम्ही घेऊन जाल का?"

अण्णांना कळलं होतं, ते त्यांच्या मानेवरून दिसत होतं. त्यांनी एकदा प्रसादकडे बघितलं. मग पुन्हा त्या कपाकडे, वाफ आता कमी झाली होती. मागे भिंतीशी एक जेवणाचं टेबल दिसत होतं, त्याला दोनच खुर्च्या. मला वाटलं, आता अण्णा वेळ मागून घेणार. बाजारातला माणूस, मोठ्या सौद्याला असा एका दमात हात घालत नाही.

"हायर," अण्णा म्हणाले. नाही.

मग थांबले. शेपूट शोधत होते. "एलिफ गित्मेयेजेक." एलिफ जाणार नाही. फेट्याखालून घामाचा ओघळ कानावर आला. "प्रसाद," ते म्हणाले, आणि आवाज जरा चिरला, "प्रसाद कालाजाक." प्रसाद राहील. तिथंच.

प्रसाद आपल्या बापाकडे बघतच राहिला. नेजाती बेंनी तेच वाक्य प्रश्न करून परत विचारलं, राहील? अण्णा म्हणाले, राहील. मग त्या माणसाच्या गलमिशा थरथरायला लागल्या. त्यांनी एलिफचा हात धरून प्रसादच्या हातात दिला आणि "हायर्ल ओल्सुन" म्हणाले. शुभ होवो. एलिफनं फोनच उचलून त्याची पापी घेतली, तेव्हा आम्हाला बुर्साचं छत दिसलं.

फोन बंद झाला. मी मूर्खासारखी टाळ्या वाजवत होते. "अण्णा, काय बोललात हो शेवटी? एवढे खूश झाले ते!" सुमनताई उठल्या होत्या. त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांना सगळं कळलं होतं, प्रसादला कळलं त्याच क्षणी.

"मला इच्यारलंत?" त्या दारातून म्हणाल्या.

"न्हाय."

"का?"

अण्णा फेटा सोडत होते. "तुला इच्यारलं असतं तर मला बोलता आलं नसतं." फेट्याची घडी घालत म्हणाले, "आपण दोघं हाय, सुमन. तिथं दुसरी खुर्ची त्या पोरीची हाय. त्यानं माझ्यापुढं कप ठिवला. मी तिथं न्हवतो, तरी ठिवला."

सुमनताई आत निघून गेल्या. आणि त्यांनी बोलणं टाकलं. भांडण नाही, आदळआपट नाही. ताट वाढायच्या, पाणी ठेवायच्या, गोळ्या हातात द्यायच्या, आणि एक शब्द नाही. मी मध्यस्थी करायला गेले, तर म्हणाल्या, "चहा घेणार का वहिनी?" म्हणजे विषय बंद. अण्णाही बोलायला गेले नाहीत. पॅसेजमध्ये वॉकर ठक्क ठक्क वाजायचा, तोंडातून काही नाही.

मग एके संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसले होते, तर एलिफच्या शिकवणीच्या वेळेला फोन वाजला. पडद्यावर नेजाती बे. एकटेच, टाय नाही, घरातला स्वेटर. अण्णा गडबडले. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला आणि पुढे काय बोलायचं ते दोघांनाही कळेना. अण्णांना आतापर्यंत शिकवलं होतं ते सगळं उद्याचंच. आज काय केलं, काल काय झालं, ह्यातलं काही त्यांना येत नाही. शेवटी नेजाती बेंनीच विचारलं, उद्या तुम्ही काय कराल? अण्णांनी विचार करून सांगितलं, कांदे घेईन. नेजाती बे म्हणाले, मीही घेईन. मग दोघं गप्प बसले. पण फोन कुणीच ठेवेना. एक म्हातारा तिथं बसलेला, एक इथं.

सुमनताई स्वयंपाकघरातून आल्या. हातात दोन कप. एक त्यांनी अण्णांपुढे ठेवला. दुसरा माझा समजून मी हात पुढे केला, तर त्यांनी तो फोनच्या पुढ्यात ठेवला, कपाचा कान नेजाती बेंच्या हाताला येईल असा वळवून, आणि पदर सावरून आत गेल्या. नेजाती बेंनी डोळे पुसले, की चष्मा पुसला, मला नीट दिसलं नाही.

फोन संपला तेव्हा तो चहा निवून साय धरून बसला होता. सुमनताई बाहेर आल्या, तो कप उचलला, आणि प्रसादच्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं.

मी निघायला हवं होतं, पण पाय निघेना. अण्णांनी वॉकर ओढला, हिसका देऊन उठले आणि त्या दारापर्यंत जाऊन उभे राहिले. हाक मारली नाही, दार ढकललं नाही. पाच मिनिटांच्या वर उभं राहायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते उभेच. एका पायावरून दुसऱ्यावर भार द्यायचे, ओठ आवळायचे, पण हलायचे नाहीत.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. सुमनताईंच्या हातात रिकामा कप, नाक लाल. त्यांनी अण्णांना आपादमस्तक बघितलं.

"उभं कशाला ऱ्हायलासा? गुडघा सुजंल."

"सुजू दे," अण्णा म्हणाले.

सुमनताईंनी कप माझ्या हातात दिला आणि अण्णांना धरून खुर्चीपर्यंत नेलं.